क्रिस्तपुराणाचे अनामिक राखणदार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे नाव या गावाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. म्हणूनच आज मी एका प्रसिद्ध ग्रंथापेक्षा, तो आपल्या हाती पोचविणाऱ्या अप्रसिद्ध माणसांविषयी बोलणार आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मोपदेशक २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते येथेच राहिले. त्यांतील पुष्कळसा काळ सासष्टीच्या खेड्यांत गेला. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे मृतदेह आणण्यासाठी स्टीफन्स गेले होते. त्या पाचांना चर्चने पुढे १८९३ मध्ये धन्य म्हणून घोषित केले. स्टीफन्स मात्र आपल्या नेहमीच्या कामाकडे परतले: लोकांची भाषा शिकणे आणि त्या भाषेत त्यांना धर्म शिकविणे.

या धर्मप्रसारामागे पोर्तुगीज सत्तेचा बडगा होता, सासष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि कुंकळ्ळीकरांचा क्षोभ त्यातूनच उसळला होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने झाकू नये. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती. परंतु त्याच्या कानांतील ओवी सुटलेली नव्हती. तिच्याच चालीवर स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या.

या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली तर स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा राजप्रतिनिधीचा हुकूम निघाला. मग हा ग्रंथ वाचला कसा?

तो हाताने उतरवून घेतला गेला म्हणून. गोव्यात आणि गोव्यातून स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी कानडा किनाऱ्यावर त्याच्या प्रती केल्या, जपल्या, वाचल्या व गायिल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारेच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. हजारो ओव्या उतरवायच्या, एक चरणही गळू द्यायचा नाही, आणि त्याबद्दल कीर्तीची अपेक्षा ठेवायची नाही. ख्रिस्ती परंपरेत ज्याला आज्ञाधारकता म्हणतात, तिचे याहून साधे रूप मला दुसरे दिसत नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. वर्गात मी अनेक वर्षे ‘क्रिस्तपुराण’ शिकविले. स्टीफन्स यांनी केलेली मराठीची स्तुती विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. परंतु ज्या हातांनी ती स्तुती आमच्यापर्यंत पोचविली, त्यांचा उल्लेख एकाही तासाला केला नाही. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येत नव्हता, एवढेच त्याचे कारण.

ग्रंथकर्त्याचे नाव इतिहासात राहते आणि प्रत करणाऱ्याचे जाते. तरीही त्याने एखादे पान आळसाने सोडले असते, तर ते पान आपल्याला मिळाले नसते. आपल्या गुरुजींनीही वर्षानुवर्षे फळ्यावर तीच बाराखडी त्याच काळजीने लिहिली. आज ती तुमच्या हस्ताक्षरात आहे.