राजाचं लग्न आणि प्रजेचा कायदा

१७ मार्च १९२८ रोजी नर्मदेजवळच्या बडवाहला इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी सिएटलच्या नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी वैदिक विधीने लग्न केलं. त्याआधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिची शुद्धी केली, एका धनगर कुटुंबाने तिला दत्तक घेतलं आणि नॅन्सीची शर्मिष्ठादेवी झाली. माळव्यातल्या मराठी संस्थानांची मोठी सुधारणा म्हणून हे लग्न सांगितलं जातं. मला ते तसं वाटत नाही. धर्म, जात, आईबाप आणि नाव असं सगळं बदलल्यावरच ते उभं राहिलं. परक्या वंशातली बायको समाजाने स्वीकारली असं म्हणता येत नाही, कारण बोहल्यावर चढण्याआधीच तिचं परकेपण पुसून टाकलं होतं. त्यातही एवढा खटाटोप करायला पदरी महाराजपण लागतं, मग ते माजी का असेना. देवास जिल्ह्यातल्या पीपलरावांसारख्या गावात जातीबाहेर मन जडलेल्या पोरासाठी शंकराचार्यांना कोण बोलावणार होतं?

तसा कायदा ब्रिटिश हद्दीत होता. ब्राह्मो समाजाच्या मागणीतून १८७२ साली नोंदणी विवाहाचा कायदा झाला, पण आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणीच नाही असं वधूवरांना लिहून द्यावं लागे. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपापसांत लग्न करताना ही अट उरली नाही. बदल्यात एकत्र कुटुंबातून वेगळं व्हावं लागलं. संस्थानांत मात्र जो तो आपापल्या हद्दीचा धनी. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं नांदत होती. या थोरल्या पातीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या राधाबाई दिलेली होती. शाहूंनी १९१८ सालच्या विठ्ठलभाई पटेलांच्या आंतरजातीय विवाह विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९१९ साली आपल्या राज्यात तसा कायदाच केला. मराठा-धनगर सोयरीक व्हावी हा त्यांचाच आग्रह. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली कागलच्या घाटग्यांच्या संयोगिताबाई होळकरांच्या सून झाल्या. जावयाच्या देवासला कोल्हापूरचा कायदा आपोआप लागू होत नव्हता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

कायद्याने समाज बदलत नाही, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो खरा असला तरी गैरलागू आहे. विवाहाच्या कायद्याचं काम लग्नं जुळवणं हे नाही. जुळलेलं लग्न, त्यातली संतती आणि वारसा यांना कोणाच्या मर्जीवर सोडायचं नाही, एवढंच ते आहे. मर्जीचा खेळ खुद्द होळकरांनाही चुकला नाही. तुकोजीरावांचे पुत्र आणि संयोगिताबाईंचे पती यशवंतराव होळकर यांना नंतरच्या अमेरिकन पत्नीपासून मुलगा होता, तरी भारत सरकारने वारस मानलं ते संयोगिताबाईंच्या कन्या उषाराजे यांना. राजघराण्याची ही गत, मग इतरांचं काय?

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने देवास, धार, इंदूर सगळ्यांना एकच दार उघडलं. दारावर जकात मात्र राहिली: तीस दिवसांची जाहीर नोटीस, आणि धर्माबाहेर लग्न करणाऱ्या हिंदूला आजही एकत्र कुटुंबातून वेगळं व्हावं लागतं. मध्य प्रदेशाने २०२१ साली धर्मांतराचा कायदा करून आणखी एक अडसर घातला. म्हणजे कायदा संरक्षण देतो तसा पहाराही बसवतो. म्हणूनच त्याचा मजकूर बारकाईने वाचावा लागतो.

आज हाच प्रश्न समलिंगी जोडप्यांपुढे उभा आहे. समलिंगी विवाहाची तुलना जातीबाहेरच्या लग्नाशी करू नका, असं म्हणणारे शास्त्राचा दाखला देतात. पटेलांच्या विधेयकाविरुद्धही शास्त्रच पुढे केलं होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे काम न्यायालयाचं नव्हे, लोकप्रतिनिधींचं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून १९५४ चा कायदा समलिंगी जोडप्यांना लागू करायला नकार दिला. हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तो संसदेवर जबाबदारी टाकतो, तिला सूट देत नाही. अमेरिकेत आंतरवंशीय विवाहाला १९६७ साली आणि समलिंगी विवाहाला २०१५ साली न्यायालयाने मान्यता दिली. तरीही २०२२ साली गर्भपाताचा जुना निकाल तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने फिरवल्यावर हे निकालही फिरतील या भीतीने अमेरिकी काँग्रेसला त्याच डिसेंबरात दोन्ही विवाहांसाठी कायदा करावा लागला.

आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांचा समावेश करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ साली ती लोकसभा विसर्जित होताच बाद झालं. असं विधेयक पुन्हा यावं आणि बाजूने असो वा विरोधात, आपल्या खासदाराने त्यावर सभागृहात उभं राहून बोलावं, एवढी मागणी देवासच्या मतदारानेही करायला हवी.