जागृतिशब्द ओळख

व्हॉइस असिस्टंटला हाक मारण्यासाठी ठरवलेला शब्द सभोवतालच्या आवाजातून हुडकून काढण्याचे तंत्र. या शब्दाला ‘वेक वर्ड’ही म्हणतात, ‘अलेक्सा’, ‘हे सिरी’, ‘ओके गूगल’ ही त्याची परिचित उदाहरणे. तो कानी पडेपर्यंतचे ऐकणे सहसा उपकरणातच होते.

कार्यपद्धती : मायक्रोफोनमधून येणाऱ्या आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून प्रत्येकातील कंप्रतांचे प्रमाण मोजतात. त्यावरून एक छोटे न्यूरल नेटवर्क ठरलेला शब्द उच्चारला गेल्याची शक्यता वर्तवते. पूर्वी यासाठी प्रामुख्याने ‘हिडन मार्कोव्ह मॉडेल’ हे सांख्यिकी प्रारूप वापरत; २०१४ साली गूगलच्या संशोधकांनी मोबाइलवर मावेल असे डीप न्यूरल नेटवर्क मांडले. बॅटरी वाचावी म्हणून अनेक उपकरणांत कमी वीज खाणारी चिप प्राथमिक चाळणी करते आणि मोठे मॉडेल खातरजमा करते. किती शक्यतेला हाक मानायची तो उंबरठा खाली आणला, तर उपकरण भलत्याच शब्दाला ‘ओ’ देते. वर नेला, तर खरी हाकही चुकते.

शब्दाची निवड : शब्द पुरेसा लांब, वेगवेगळ्या ध्वनींचा आणि रोजच्या बोलण्यात क्वचित येणारा असावा लागतो. ‘अलेक्सा’तील ‘क्स’ या दृष्टीने सोयीचा. चिनी भाषेत शाओमी व बायडू यांनी चार अक्षरांच्या हाका निवडल्या. स्पॅनिशमध्ये ‘ओये सिरी’, तर फ्रेंचमध्ये ‘दी सिरी’ अशी हाक आहे. भारतात २०२१ साली अलेक्सावर अमिताभ बच्चन यांच्या आवाजासाठी ‘अमितजी’ ही हाक आली.

भाषाभेद : हाक तीच राहिली, तरी उच्चार बदलतो. गूगल असिस्टंट २०१८ साली मराठी बोलू लागला; हाक मात्र ‘ओके गूगल’च राहिली. इंग्रजी भाषक ‘ओके’तील ‘क’ किंचित ‘ख’कडे झुकवतात, मराठी भाषक तो अल्पप्राणच ठेवतात. केवळ अमेरिकी आवाजांवर तयार केलेले मॉडेल अशा फरकांमुळे अडखळू शकते. म्हणून त्या त्या भाषकांचे, निरनिराळ्या वयांचे व बोलींचे नमुने लागतात. अशा नमुन्यांची उणीव भरून काढण्यासाठी २०२१ साली ५० भाषांतील सुमारे ३,४०,००० शब्दांचा, २ कोटी ३४ लाख ध्वनिनमुन्यांचा खुला संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नऊ भाषांवर प्रशिक्षित केलेल्या मॉडेलला अवघ्या पाच नमुन्यांत, अगदी अपरिचित भाषेतलाही, नवा शब्द शिकवण्याची पद्धत मांडली गेली. त्यामुळे ध्वनिमुद्रणे कमी असलेल्या भाषांतही स्वतःची हाक ठरवणे आवाक्यात आले.