सुपारीचे सोने परत करणारा मारेकरी

१/ १९६७ साल. हाँगकाँगमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध दंगली पेटल्या होत्या. त्याच वर्षी शॉ ब्रदर्सने ‘द असॅसिन’ हा चित्रपट पडद्यावर आणला. दिग्दर्शक चांग चे, नायक जिमी वांग यू. याच जोडीच्या त्याच वर्षीच्या ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’मधील नायक हात गमावतो, येथील नायक प्राणच गमावतो. आणि ही कथा निव्वळ कल्पित नाही.

२/ सिमा च्येन या चिनी इतिहासकाराने सुमारे २,१०० वर्षांपूर्वी ‘शिजी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात मारेकऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील पाच मारेकऱ्यांपैकी एक म्हणजे न्ये चंग, आपल्या चित्रपटाचा नायक.

३/ हातून खून घडल्यावर सूडाच्या भयाने तो आई व बहिणीसह च्यी राज्यात आला आणि खाटिक झाला. तेथे यान चोंगत्स हा सरदार त्याला शोधत आला. हान राज्याचा मंत्री आणि राजाचा चुलता श्या लेइ हा यानचा वैरी. यानने न्ये चंगच्या आईसमोर भेट म्हणून शंभर ‘यी’ सोने ठेवले.

४/ न्ये चंगने ते परत केले. आई हयात असेतो हा देह दुसऱ्याला देता येणार नाही, अशी त्याची भूमिका. आई वारली, सुतक सरले, आणि तो आपण होऊन यानकडे गेला. एवढ्या मोठ्या सरदाराने एका खाटकाची योग्यता ओळखली, हेच त्याच्या लेखी ऋण होते.

५/ इ.स.पू. ३९७. सोबत माणसे घेण्यास त्याने नकार दिला. माणसे वाढली की गुपित फुटते. पहाऱ्यातून सरळ पायऱ्या चढून त्याने श्या लेइला ठार केले. मग स्वतःचा चेहरा विद्रूप केला, डोळे काढले, पोट चिरले. ओळख पटली असती, तर बहिणीवर संकट आले असते.

६/ प्रेत बाजारात मांडले गेले. नाव सांगणाऱ्यास सहस्र सुवर्णाचे इनाम जाहीर झाले. तेव्हा बहीण न्ये रोंग पुढे आली. स्वतःच्या जिवासाठी भावाचे नाव पुसले जाणे तिला मान्य नव्हते. तिने नाव सांगितले आणि त्याच्या शेजारीच प्राण सोडला.

७/ तरीही एक प्रश्न उरतो. श्या लेइशी न्ये चंगचे स्वतःचे काहीच वैर नव्हते. सोने परत केले म्हणून हत्येचे पाप फिटते काय? ‘शिजी’ त्याच्या निष्ठेचा गौरव करते. निवाडा आपल्याला करायचा आहे.

८/ सिमा च्येनने स्वतः सम्राटाच्या कोपामुळे खच्चीकरणाची शिक्षा भोगली. मरण पत्करण्याऐवजी ग्रंथ पुरा करण्यासाठी तो त्या अपमानासह जगला. नाव मागे राहण्याची किंमत त्याला ठाऊक होती. म्हणूनच तलवार चालवणाऱ्या भावाइतकेच स्थान त्याने नाव सांगणाऱ्या बहिणीला दिले.