सावित्रीची भरती आणि घाटाखालची पेठ

महाडहून वरंध घाटाकडे निघालेल्या प्रवाशाला बिरवाडी लागते तेव्हा समोर सह्याद्रीच्या रांगा आणि बाजूला काळ नदीचे पात्र एवढेच दिसते. समुद्राची तेथे गंधवार्ताही नसते. तथापि महाड, बिरवाडी आणि पोलादपूर या मुलखात सत्ता कोणाचीही असो, व्यापारावर हुकमत मात्र समुद्राचीच चालली, असे माझे मत आहे.

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या बाजूला ज्या आवेगाने कोसळते, तो आवेग महाडाशी येईतो ओसरलेला असतो. पुढे बाणकोटच्या मुखापर्यंतचे सुमारे ३४ मैल ती जवळजवळ सपाटीवरून जाते, आणि म्हणूनच दर्याचे पाणी दिवसातून दोनदा उलटे चढत थेट महाडापर्यंत येते. जेथे भरतीचा जोर सरला तेथे माल उतरला आणि बैलाच्या पाठीवर चढला: मीठ व सुकी मासळी बिरवाडीवरून घाटमाथ्याला जाई, देशावरचे धान्य त्याच वाटेने खाली येई. हा क्रम फार जुना असावा. महाडनजीक गंधारपाल्याची बौद्ध लेणी सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची आहेत, आणि कोरीव कामाला दान देणारी माणसे वाहत्या व्यापारी मार्गालगतच सापडतात.

या बंदराचे वेळापत्रक आकाशात होते. खारव्यांचा हिशोब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला वा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. वरवर अडाणी वाटणाऱ्या या आडाख्यात पक्के ज्योतिष आहे: चंद्र रोज सुमारे दोन घटका उशिरा उगवतो, आणि दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, अर्थात पाऊण तासाला तीन मिनिटे जास्त. हा हिशोब किनाऱ्याचा. महाडच्या धक्क्यासाठी त्यात भर घालावी लागे, कारण पाण्यालाही ३४ मैल चढून यायचे असते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी जेमतेम चढे, तेव्हा जड गलबताने अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वाट पाहावी हेच शहाणपण.

राजकारणी पुरुषांनीही ही वाट ओळखली होती. १७९६ मध्ये पुण्यातून निघालेले नाना फडणीस महाडास राहिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांकडून पराभव होताच दुसरा बाजीराव याच बाजूने कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे वसईस पोहोचला. परंतु खाडीचा याहून कितीतरी थोर उपयोग १९२७ साली झाला. चवदार तळ्याच्या दुसऱ्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ आगबोटीने निघाले आणि धरमतरचा रस्ता टाळून खाडीने दासगावास उतरले. मोटारवाल्यांनी ऐनवेळी अडवणूक केली तर दासगावाहून महाड पाचच मैल, सत्याग्रही चालत जाऊ शकत होते. भरतीच्या पाण्याला कोणाची जात विचारता येत नाही, हे त्या निवडीमागे उघड होते.

पुढे मोटाररस्त्याने खाडीची वाहतूक बुडवली, आणि बिरवाडीच्या अंगाला औद्योगिक वसाहत उभी राहिली. बंदर संपले, भरती मात्र संपली नाही. ज्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला ती २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आषाढी अमावास्येची होती. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाड बुडाले तेव्हा चतुर्दशी होती. पूल पाण्याच्या लोंढ्याने पडला, त्याचा दोष चंद्रावर ढकलण्याचे कारण नाही. परंतु घाटावरून आलेले पाणी आणि उधाण यांची गाठ पडली की पुराला समुद्राकडे वाट मिळत नाही, हे खारव्यांना सांगावे लागले नसते. तेव्हा या खोऱ्यात पर्जन्याची नोंदवही ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती एवढीच, की मिलिमीटरच्या रकान्याशेजारी तिथीचाही एक रकाना आखावा.