सत्तरीतली सायकल

मंडळी, गेल्या महिन्यात मी माझ्याच दारात पडलो. सायकलवर मागून टांग टाकताना पाय कॅरिअरला अडकला आणि सायकलसकट आडवा झालो. फार लागलं नाही, पण मुलाने लगेच निकाल दिला, "बाबा, आता सायकल बंद!"

ही सायकल १९७५ साली लातूरला नोकरी लागली तेव्हा घेतलेली. काळी, उंच दांड्याची, अठ्ठावीस इंची चाकांची. निवृत्तीनंतर ती माझ्याबरोबर नांदेडला आली. ती सोडायची तर दुसरी कोणती घ्यायची? कंबरेला आराम हवा, पण कासवगतीही नको. सौ. म्हणाली, "दोन्ही कसं मिळेल? एक काय ते ठरवा."

जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस दुकानात जाण्याआधी पुस्तकांत शिरला. आणि गंमत अशी सापडली, की आराम आणि वेग यांचं भांडण मुळात खोटंच आहे.

१८८८ साल घ्या. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं ते याच साली. पुढचा सगळा कारखाना त्यातून उभा राहिला. (लक्ष्मणराव किर्लोस्करही काही वर्षं शिक्षक होते, हे आपलं जाता जाता!) त्याच साली तिकडे बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच्या मुलाच्या तीनचाकीला भरीव रबराने हादरे बसत, म्हणून हा खटाटोप. म्हणजे शोध आरामासाठी. पण १८८९ मध्ये हेच टायर लावून एका स्वाराने बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. ज्याला हादरे कमी, त्याची ताकद वाया कमी जाते.

गिअरचीही तीच कथा. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्ये लिहिलं होतं, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. त्यांच्या शर्यतीत साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या गिअरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. आज गिअरशिवाय त्या शर्यतीची कल्पनाही करवत नाही.

मग मी माझ्या काळ्या सायकलचे दाते मोजले. पुढे ४४, मागे १८. एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते, मग सपाट रस्ता असो की गोदावरीच्या पुलाचा चढ. दुकानात सात गिअरची, सव्वीस इंची चाकांची एक सायकल पाहिली. पुढे ३८, मागे १४ पासून २८ पर्यंत. हिशेब केला, तर सर्वांत जड गिअरला साडेपाचाहून थोडं जास्तच अंतर आणि सर्वांत हलक्याला पावणेतीन मीटर. म्हणजे सपाटीवर जुन्याइतकाच वेग, आणि चढावर उतरून ढकलत जायला नको. म्हाताऱ्या माणसाचा वेग जातो तो अशा उतरण्या-चढण्यात. टायर मात्र जरा रुंद घ्यावेत आणि हवा दगडासारखी भरू नये. सीट एवढी उंच, की टाच पायडलवर खाली ठेवली तर पाय सरळ व्हावा.

राहिला दांडा. माझी नजर खाली वाकलेल्या दांड्याच्या सायकलकडे गेली, तसा दुकानदार म्हणाला, "सर, ती लेडीज आहे. तुमच्यासाठी इकडं बघा."

मी क्षणभर ओशाळलो, खरं सांगतो. लांब झग्यातल्या बायकांना बसता यावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दांडा असा खाली आला. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुसान अँथनी यांनी १८९६ मध्ये म्हटलं होतं, की स्त्रियांच्या मुक्तीसाठी सायकलने जेवढं केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही. हे मी वर्गात शिकवू शकलो असतो. शिकवलं नाही.

कारण आमच्या घरातली गोष्ट आठवली असती. लहानपणी अक्काने वडिलांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून एकदा प्रयत्न केला, पडली, आणि मी गल्लीभर हसत सुटलो. पुन्हा तिला कुणी सायकलला हात लावू दिला नाही. ती शाळेला चालत गेली, मी सायकलवर. आता शाळेच्या मुली सरकारी योजनेतल्या सायकलींवरून जाताना दिसल्या, की तो दिवस आठवतो.

असो. मी तीच घेतली. गिअर, रुंद टायर आणि खाली वाकलेला दांडा. आता टांग टाकावी लागत नाही, पाय सरळ पलीकडे जातो. मुलानेही तूर्त बंदी उठवली आहे.

अक्का, तू हे वाचत असशीलच. त्या दिवशी मी हसायला नको होतं. दिवाळीला आलीस की सायकल दारातच असेल. दांडा आडवा येत नाही. आणि या वेळी मी मागून धरतो.