रंगभवनात स्वतःचं गाणं: रॉक मशीनची सुरुवातीची वर्षं

ज्यांच्या गावात रेंज अशी आहे की ऑडिओचं चक्र नुसतं गोल गोल फिरत बसतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोललो तेच आहे, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे रॉक मशीन. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं नसणार. हा बँड फुटला तेव्हा आपल्यातले कित्येक जण जन्मलेलेच नव्हते. पण मला या बँडच्या सुरुवातीच्या पाच-सहा वर्षांत फार रस आहे, आणि त्याचं कारण एकच. सगळी गर्दी दुसऱ्याची गाणी ऐकायला आलेली असताना ही पोरं स्वतःची गाणी वाजवायला लागली. हे ऐकायला सोपं वाटतं, पण स्टेजवर उभं राहून करून बघा.

आधी हार्ड रॉक म्हणजे काय ते दोन मिनिटांत उरकू. लग्नात स्पीकर फाटला की आपण ऑपरेटरच्या नावाने शिमगा करतो. हार्ड रॉकवाले तो आवाज मुद्दाम फाडतात. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त सिग्नल आत ढकलला की आवाजाच्या लाटेची टोकं कापली जातात आणि गिटार गुरगुरायला लागते. त्याला म्हणतात डिस्टॉर्शन. त्याच्यावर गिटारचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो, तो रिफ. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ गिटार हातात घेतलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यातच वाजवतो. तो १९७२ च्या 'मशीन हेड' या अल्बममधला.

१९७२ वरून आठवलं. त्याच वर्षी लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. थापा नाही. विजय राघव राव या बासरीवादक-संगीतकारांच्या मदतीने त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. तबला, सारंगी वगैरे घेऊन. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. आणि याच मुक्कामात एका रात्री कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात जाऊन दोघे चक्क वाजवून आले. तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा रॉक बँड, आणि समोर क्लबात मावतील तेवढीच माणसं.

म्हणजे मुंबईत रॉक आधीपासून होतं. १९७० आणि ७१ मध्ये सिमला नावाच्या सिगारेटने बँडांची स्पर्धा भरवली होती, सिमला बीट. निवडक बँडांच्या तबकड्याही निघाल्या. ॲटॉमिक फॉरेस्ट नावाचा बँड होता. आणि आपले नंदू भेंडे होते! आत्माराम भेंड्यांचा मुलगा. ॲलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास झाला, आणि पुढे १९७८ मध्ये पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त गायला. मराठी नाटकाच्या स्टेजवर रॉकचा गळा. त्यांच्यावर एक वेगळा भाग करायचाच आहे, म्हणून इथे थांबतो, नाहीतर गाडी घसरेल.

तर १९८४. मुंबईत रॉक मशीन सुरू झाला. माणसं थोडी येत-जात राहिली, पण ज्यांना लोक रॉक मशीन म्हणून ओळखतात ते हे: गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस. आडनावं वाचलीत? सारस्वत, गुजराती, पारशी, ख्रिश्चन. मुंबईचा लोकलचा डबा.

आता ८४ ची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. टीव्ही म्हणजे दूरदर्शन. परदेशी गिटार, परदेशी ॲम्प हवा असेल तर त्याच्यावर जबर आयात कर. त्यामुळे कोणी नातेवाईक बाहेरून येणार असेल तर त्याच्या बॅगेवर डोळा. धोबीतलावला फुर्टाडोजचं दुकान होतं, १८६५ पासूनचं, पण दुकानात उभं राहणं वेगळं आणि परवडणं वेगळं. यूट्यूबवर "लेसन" नाही, टॅब नाही. कॅसेट लावायची, दोन सेकंद ऐकायची, मागे घ्यायची, परत ऐकायची, बोट बसेपर्यंत. त्या पिढीच्या गिटारवाल्यांचे कान इतके तयार कसे, याचं उत्तर त्या रिवाइंडच्या बटणात आहे.

आणि वाजवायचं कुठे? कॉलेज फेस्टिव्हल, आणि रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं थिएटर. १९८० मध्ये 'द पोलीस' हा इंग्लंडचा बँड तिथे वाजवून गेलेला. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास देशभरातले बँड मुंबईत जमायचे, आणि पुढे कितीतरी वर्षं आय-रॉक म्हटलं की रंगभवन असंच समीकरण होतं. ऑगस्टचा पाऊस, डोक्यावर छप्पर नाही, काळे टी-शर्ट, चिखल. तिथली पब्लिक दिलदार होती तशी निर्दयही होती. आवडलं तर डोक्यावर, नाही आवडलं तर तिथल्या तिथे बोंबाबोंब.

पब्लिकला आवडायचं काय, तर कव्हर. म्हणजे परदेशी बँडचं गाणं, जसंच्या तसं. जितकं हुबेहूब तितका बँड भारी. याला मी हसणार नाही. खरा डीप पर्पल बघायला मिळायची शक्यता शून्य, मग समोरचा पोरगा तो सोलो सुरासुरासकट काढतोय ही केवढी मोठी गोष्ट. रॉक मशीनसुद्धा असंच कव्हर वाजवत वर आला. आणि चांगलं वाजवत होते म्हणूनच नाव झालं.

इथे जरा माझं सांगतो. मी जव्हार-मोखाड्याकडच्या वांगणीचा. (बदलापूरच्या पुढचं स्टेशन नव्हे. दर वेळी सांगावं लागतं.) आमची एक बेंजो पार्टी आहे, मी पॅड वाजवतो. लग्नसराईत हळदीच्या सुपाऱ्या घेतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्वतःची एक चाल बसवली. पंधरा दिवस घासली. एका हळदीत वाजवली, आणि दीड मिनिटात नवरदेवाचा मामा पुढे आला. "पोरांनो, ह्ये काय लावलंय? नाचायचं लावा ना." नाचणारे खरंच थांबले होते. आम्ही लगेच रील्सवर चाललेलं गाणं उचललं आणि मांडव परत हलायला लागला. त्यानंतर आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो सुपारी घेतली म्हणजे यजमान सांगेल ते वाजवायचं, हौस घरी. दुसरा म्हणतो रोज एक तरी आपलं वाजवायचं, लोक थांबले तर थांबले. मी दुसऱ्या तटात आहे, पण पैसे वाटताना पहिल्या तटाचं गणित बरोबर निघतं, हे पण खरं. पुढची लग्नसराई जवळ आली आणि अजून ठरलेलं नाही.

म्हणून रॉक मशीनने काय केलं याच्याकडे मी जरा स्वार्थाने बघतो. त्यांनी कव्हरच्या मधे आपली गाणी घुसवली, वाढवत नेली, आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा आख्खा अल्बम काढला. 'रॉक अँड रोल रेनेगेड'. रेनेगेड म्हणजे बंडखोर, फितूर. त्यातलं 'टॉप ऑफ द रॉक' हे गाणं त्यांची ओळख बनलं. १९९० मध्ये दुसरा अल्बम, 'द सेकंड कमिंग'. आज कोणीही रात्री गाणं करतो आणि सकाळी अपलोड करतो. तेव्हा अल्बम म्हणजे कंपनीने पैसे लावायचे, कॅसेटी छापायच्या, दुकानात पोचवायच्या. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय रॉक बँडवर कंपनीने हे करावं यासाठी आधी रंगभवनात हजारो पोरं त्यांच्या नावाने ओरडावी लागली. माझ्या मते कव्हरने कमावलेली पत त्यांनी स्वतःच्या गाण्यावर खर्च केली. काही बँड ती पत शेवटपर्यंत जपून ठेवतात आणि तशीच संपतात.

मग नशिबानेही हात दिला. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, त्याच्याबरोबर एमटीव्ही आशिया. केबलवाल्याच्या वायरीतून अचानक जगाचे बँड घरात. आता मजा बघा. जोपर्यंत खरा माल दिसत नव्हता तोपर्यंत हुबेहूब नक्कल सोन्याच्या भावाची. खरा माल दिवसभर टीव्हीवर दिसायला लागल्यावर नकलेला भाव कुठून येणार? ज्यांच्याकडे स्वतःची गाणी तयार होती त्यांनाच त्या चॅनलवर जायला काहीतरी होतं. रॉक मशीनकडे होती.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं. इंडस क्रीड. इंडस म्हणजे सिंधू नदी. चालतं नाव सोडणं म्हणजे धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच. पण "रॉक मशीन" हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकतं, नवं नाव सांगतं की आम्ही कुठून आलोय. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये आशियाच्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. नऊ वर्षांपूर्वी कॅसेट रिवाइंड करत बसलेली पोरं!

आता एक गोष्ट मला खटकते, ती बोलून टाकतो. हे सगळं इंग्रजीत होतं, आणि दक्षिण मुंबई, कॉलेज, फेस्टिव्हल याच वर्तुळात फिरत होतं. रंगभवनापासून जव्हार दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण त्या काळात ते अंतर दीड हजार असल्यासारखं होतं. आमच्या जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या धिंडा, ज्यांना पद्मश्री जाहीर झाली, ते त्याही वर्षांत तारपा फुंकत होते. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान, आणि श्वास न तोडता फुंकायची ताकद. तेही मोठ्या आवाजाचं, रात्र जागवणारं, पोरांना गोल फिरवणारं संगीत. या दोन जगांची कधी गाठ पडली नाही. यात रॉक मशीनची चूक काढण्यात अर्थ नाही, पण कोणी "भारतातला रॉकचा सुवर्णकाळ" म्हणाला की मी मनातल्या मनात "मुंबईतल्या काही पिनकोडांचा" असं जोडून घेतो.

पुढचं पटकन सांगतो. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला. पण त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आणि दलेर मेहंदींचं 'बोलो ता रा रा' आलं. हिंदी-पंजाबी पॉपची लाट उठली आणि चॅनलवाले, कंपन्या सगळे तिकडे वळले. १९९७ मध्ये बँड थांबला. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले आणि तिथे 'आम्स फॉर शांती' नावाचा बँड केला. रंगभवनही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून मैफलींना बंद झालं, आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज असल्याने. २०१० मध्ये इंडस क्रीड परत जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम काढला. पन्नाशीकडे झुकलेली माणसं, आणि परत नवीच गाणी. जुनी गाणी वाजवत फिरले असते तरी लोकांनी तिकिटं काढली असती.

ऐकायचं असेल तर माझ्या क्रमाने ऐका. आधी 'टॉप ऑफ द रॉक', मोबाइलच्या स्पीकरवर नाही, हेडफोन लावून. ऐंशीच्या दशकाचा आवाज आहे, ड्रम जरा डब्यात वाजल्यासारखे वाटतील, चालवून घ्या. मग 'प्रिटी चाइल्ड'. मग 'इव्हॉल्व्ह' पूर्ण. तिन्हींत उदय बेनेगलचा गळा कसा बदलत गेलाय ते बघा, आणि तुमच्याकडे बेंजो पार्टी, ढोलपथक, बँड काहीही असेल तर मला लिहा: तुम्ही आपलं गाणं कितव्या नंबरला वाजवता? पहिलं, की सगळे दमल्यावर शेवटचं? आमच्या पार्टीत सध्या तिसऱ्या नंबरावर बोलणी चालू आहेत.