मानवी देहावरील संशोधन : भायखळ्याचा तुरुंग ते पुणे जिल्ह्यातील सहा गावे

वार्धक्याबरोबर येणारे मधुमेह, हृदयविकार आदी आजारांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत बहुधा उंदीर वापरला जातो. त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असल्याने निष्कर्ष लवकर हाती येतात. परंतु चाळिशीत जडणाऱ्या विकाराचे मूळ मातेच्या उदरात असेल, तर त्याचा माग अखेरीस माणसातच आणि माणसाच्या आयुष्याच्या गतीने काढावा लागतो. अशा संशोधनात माणसे कोणत्या परिस्थितीत सहभागी झाली, याचा महाराष्ट्रापुरता मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती देण्यात आली. हे कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे सांगितले जाते. मात्र बंदिवानाच्या स्वेच्छेस कितपत अर्थ असतो, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. न्यूरेंबर्ग संहिता त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९४७ मध्ये आली.

पुढचा टप्पा निराळा आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातील १९११ पासूनच्या जन्मनोंदी शोधून काढल्या व कमी वजनाच्या बालकांना उतारवयात हृदयविकाराचा धोका अधिक असतो, असे दाखविले. त्यांना जुन्या वह्या मिळाल्या. आपल्या खेड्यांत अशा वह्या नव्हत्या. त्यामुळे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल प्रभृतींना आरंभ जन्माच्याही आधीपासून करावा लागला. १९९३ मध्ये पुण्यानजीकच्या सहा गावांत हे काम सुरू झाले. विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा दरमहा घरोघर जाऊन नोंदविण्यात येत. गर्भ राहिल्यावर आहार, रक्त, सोनोग्राफी आणि दैनंदिन कष्ट यांची मोजदाद होई. ज्या समाजात पाळीविषयी घरातही उघड बोलले जात नाही, तेथे ही माहिती दर महिन्याला मिळत राहिली, हे माझ्या मते या अभ्यासाचे सर्वांत दुर्लक्षित यश होय.

या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या बालकांची साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना करता जन्मवजन २.७ विरुद्ध ३.५ किलो असे आढळले. स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान, त्वचेखालील चरबी मात्र तुलनेने टिकून राहिलेली, असे हे चित्र होते. दिसायला कृश, पण अंगी मेद बाळगणारे हे भारतीय मूल २००३ मध्ये शास्त्रीय साहित्यात नोंदले गेले. आणखी एक गोष्ट अशी, की बाळाच्या वाढीचा संबंध मातेने घेतलेल्या एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी अधिक दिसला. शेतातील व पाणी वाहण्याच्या कष्टांचा भार जास्त, तेथे बाळ लहान. पळसदेव-इंदापूर परिसरातील वाचकास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. अठराव्या वर्षी ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली यांची रक्तशर्करा सामान्य मर्यादेबाहेर होती. त्यांतील बहुतेक सडपातळच होते.

येथे संमतीचा प्रश्न भायखळ्याहून वेगळ्या रूपात उभा राहतो. कैद्याला एका टोचणीपुरते विचारले गेले. येथे संमती आईने दिली आणि मोजले गेले ते मूल, तेही अनेक वर्षे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०००, २००६ व २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लेखी संमतीवर भर देतात. लेखी कागद आवश्यकच आहे. तथापि रक्ताचा नमुना देणाऱ्या कुटुंबाला आपल्या मुलाच्या रक्तातील साखरेचा अर्थ कोणी समजावला काय, ही कसोटी मला अधिक कठोर वाटते.

२०१२ पासून याच मुलामुलींना, ते किशोरवयात असताना, ब-१२ देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. त्याचा परिणाम त्यांच्या स्वतःच्या अपत्यांत तपासायचा होता. म्हणजे ज्यांची नोंद गर्भात असताना झाली, त्यांच्याच पोटी जन्मणाऱ्या बालकांचे वजन त्याच गावांत, पुन्हा एकदा, काट्यावर घेतले जाऊ लागले.